घरशिक्षण आणि काटकसर : नव्याने सुरुवात करणाऱ्या घरांसाठी

मुलांना घरीच शिकवायचे असा निर्णय झाला, की पालक आधी खरेदीला बाहेर पडतात. आम्हीही तेच केले. साताऱ्यातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोठ्या मुलीसाठी टेबल आले, फळा आला, भिंतीवर तक्ते आले आणि एका कंपनीचा ११,००० रुपयांचा शैक्षणिक संच हप्त्यांवर आला. दोन महिन्यांत त्या संचातील प्लॅस्टिकचे ठोकळे माळ्यावर गेले. हप्ते मात्र पुढचे दहा महिने चालू राहिले, आणि एका पगारावर चालणाऱ्या घराला ते दर महिन्याच्या अखेरीस जाणवत राहिले. पहिल्या वर्षी न बसलेली घडी दुसऱ्या वर्षी बसली, कारण आम्ही कामांचा क्रम बदलला. आधी घराचा जमाखर्च, मग दिवसाची आखणी, त्यानंतर मंडई आणि स्वयंपाकघर, आणि सर्वांत शेवटी पुस्तके, असा तो क्रम आहे. घरकाम उरकायचे आणि मग अभ्यासाला बसवायचे असे ठरवले, तर आईला रोज दोन पूर्ण वेळाची कामे करावी लागतात आणि खर्चही दोन बाजूंनी होतो. घरकामातच अभ्यासाचा मोठा वाटा बसवला, तर वेळ आणि पैसा दोन्ही आटोक्यात राहतात. आमची मुलगी आता अकरा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः प्राथमिक वयाच्या मुलांना लागू पडेल.

पहिली पायरी : एक महिना फक्त वही लिहावी

पहिल्या महिन्यात बचतीचा कोणताही प्रयत्न करू नये. दोनशे पानी वही घ्यावी आणि रोजचा खर्च त्याच दिवशी रात्री लिहावा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला हिशेब कधीच पूर्ण होत नाही. रकाने मोजकेच ठेवावेत : किराणा, दूध आणि भाजी, वीज-गॅस-पाणी, मुले, औषधपाणी, आणि शेवटी 'इतर'. 'इतर' या रकान्यात महिनाअखेर किती रक्कम साचली आहे, तिकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आमच्याकडे सर्वाधिक गळती तेथेच सापडली. रिक्षाचे सुटे पैसे, बाहेर आणलेला वडापाव, अचानक आठवलेल्या वाढदिवसाची भेटवस्तू, असे एकेक करून पहिल्याच महिन्यात ते २,३०० रुपये झाले होते.

या वहीची बेरीज मुलांनी करावी. आमची मुलगी सात वर्षांची असताना 'हातचा' ही कल्पना पुस्तकातून तिच्या पचनी पडत नव्हती. किराण्याच्या रकान्याची उभी बेरीज करताना मात्र 'हातचा एक' विसरला की एकूण रक्कम दहा रुपयांनी चुकते, हे तिने दुकानदाराच्या चिठ्ठीशी ताडून स्वतःच शोधले. खऱ्या पैशाची बेरीज मूल मन लावून करते. घरात पैसा किती येतो हे मुलांना कळू नये असे अनेक पालकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. पगाराचा आकडा सांगायचा नसेल तर सांगू नये, पण दूध-भाजीला महिन्याला किती लागतात हे आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक असायला हरकत नाही.

दुसऱ्या महिन्यापासून जी रक्कम वाचेल ती घरात ठेवू नये. पोस्टातील आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि तिची मुदत पाच वर्षांची असते. आम्ही ती मुलीच्या सहाव्या वर्षी सुरू केली, म्हणजे दहावीच्या परीक्षेचे शुल्क, पुस्तके आणि प्रवास यांची तरतूद हाताशी राहील. भिशी लावायची असेल तर ती ओळखीच्या आणि शब्दाला पक्क्या असलेल्या बायकांमध्येच लावावी.

दुसरी पायरी : दिवसाची आखणी कामांभोवती करावी

शाळेसारखे तासिकांचे वेळापत्रक भिंतीवर लावले, की पाहुणे आले, पाणी उशिरा आले किंवा बाळ आजारी पडले की ते मोडते आणि आईच्या मनाला रुखरुख लागते. त्याऐवजी घरात रोज न चुकता होणारी चार कामे धरावीत आणि अभ्यास त्यांना जोडून द्यावा. आमच्याकडे दूध तापवण्याच्या वेळी मुलगा मोठ्याने वाचन करतो, कुकर लावल्यापासून तो उघडेपर्यंत दोघांचे गणित होते, कपडे वाळत घातल्यावर लेखन होते आणि दिवेलागणीला परवचा होतो. आठ वर्षांखालील मुलाला बसून करायचा अभ्यास दिवसाला तासभर पुरतो, आणि त्यानंतरच्या वयात दोन तास पुष्कळ होतात. शाळेतील चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात जो वेळ हजेरी, शिस्त आणि वाट पाहण्यात जातो, तो घरी लागत नाही.

परवचा हा शब्द आता कानावर कमी पडतो. संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर 'शुभं करोति' म्हणून झाले, की मुले पाढे म्हणत असत, त्याला परवचा म्हणत. त्यात दोन ते तीसचे पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. आमच्या सासूबाईंना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे आणि मुलांना ती त्यांनीच शिकवली. घरात आजी-आजोबा असतील तर परवचा त्यांच्याकडे सोपवावा. त्यासाठी शिकवणीचे शुल्क लागत नाही, आणि त्या अर्ध्या तासात आईला दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवता येते.

तिसरी पायरी : मंडई आणि स्वयंपाकघर

पाठ केलेल्या पाऊणकीचा उपयोग आठवडी बाजारात होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मुलाला प्रथम केवळ सोबत न्यावे, दुसऱ्या आठवड्यात पिशवी द्यावी, तिसऱ्या आठवड्यात एकाच भाजीचे पैसे त्याच्या हाती द्यावेत आणि दीड-दोन महिन्यांनी शंभर रुपयांची नोट देऊन बाजूला उभे राहावे. आमच्या मुलाने एकदा ८० रुपये किलोची गवार पाऊण किलो आणि ६० रुपये किलोची मिरची पाव किलो घेतली. भाजीवाल्या मावशींनी शंभराच्या नोटेतून वीस रुपये परत दिले. तो पैसे हातात धरून तसाच उभा राहिला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "मावशी, गवारीचे साठ, मिरचीचे पंधरा. अजून पाच रुपये राहिले." मावशींनी बोटांवर पुन्हा हिशेब केला, पाचचे नाणे काढून दिले आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकल्या. त्या दिवसापासून पाढे म्हणायला त्याला बोलवावे लागत नाही.

भाजी कधी घ्यावी याविषयी एक सूचना आहे. बाजार उठण्याच्या सुमारास भाव उतरतात हे खरे, पण पालेभाजी त्या वेळी घेऊ नये, कारण सुकलेली अर्धी जुडी टाकून द्यावी लागते. दुधी, भोपळा, बटाटे, कांदे, वांगी अशा टिकणाऱ्या भाज्या शेवटी घ्याव्यात आणि मेथी-पालक सकाळी घ्यावा.

स्वयंपाकघरात सर्वांत आधी गॅस मोजायला शिकावे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. ज्या दिवशी नवे सिलिंडर लावले जाते, त्या दिवशीच्या चौकोनात आमची मुलगी कॅलेंडरवर लाल पेनाने 'गॅस' असे लिहिते. पहिल्या खेपेस सिलिंडर ३८ दिवस पुरले. १४,२०० ग्रॅमला ३८ ने भागल्यावर रोजचे साधारण ३७४ ग्रॅम आले. त्यानंतर आम्ही काही बदल केले. डाळ अर्धा तास आणि कडधान्ये रात्रभर भिजवून मगच शिजवायची. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये डब्यांतून लावायचे. पहिली शिटी झाली की आच मंद करायची. भांड्यावर झाकण ठेवल्याशिवाय पाणी तापवायचे नाही. आणि फ्रिजमधले दूध तापवण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचे. पुढचे सिलिंडर ४७ दिवस पुरले, म्हणजे रोजचा वापर ३०२ ग्रॅमवर आला. हा भागाकार मुलीने स्वतः केला आणि तिला दशांश चिन्ह का लागते ते तेथे कळले.

मंद आचेमागचे कारणही मुलांना समजावून द्यावे. पाणी उघड्या भांड्यात सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर कुकरमधील वाफेच्या दाबामुळे ते तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि अन्न लवकर शिजते. एकदा तो दाब तयार झाल्यावर मोठी आच ठेवली, तरी आतले तापमान आणखी वाढत नाही. जादा उष्णता केवळ शिटीवाटे बाहेर पडते. शिट्या मोजून स्वयंपाक करण्याची आपली सवय त्यामुळेच महागात पडते.

कडधान्यांना मोड आणणे हा काटकसरीचा आणि विज्ञानाचा उत्तम पाठ आहे. मुलांनी २०० ग्रॅम मटकी वजनकाट्यावर मोजली, रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी मोड आल्यावर पुन्हा मोजली, तेव्हा ती ४३० ग्रॅम भरली. "वाढलेले वजन कुठून आले?" हा प्रश्न विचारून मी गप्प राहिले. मुलाचे उत्तर 'मोडांचे' असे होते, मुलीचे 'पाण्याचे' असे होते; मग दोघांनी थोडी मोड आलेली मटकी दोन दिवस उन्हात वाळवून मोजली आणि वाद मिटला. अशा वेळी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

दह्याचा प्रयोगही प्रत्येक घराला करता येईल. तीन वाट्यांत सारखेच दूध घ्यावे, एकीत कडकडीत गरम, दुसरीत कोमट आणि तिसरीत फ्रिजमधले गार, आणि तिन्हींत अर्धा चमचा विरजण घालून वाट्या झाकून ठेवाव्यात. कोमट दुधाची वाटी सकाळी घट्ट लागते. गार दुधाचे दही रेंगाळते. कडकडीत दुधात विरजणातील जिवाणू मरतात, म्हणून ते लागतच नाही. हिवाळ्यात विरजणाचे भांडे कणकेच्या डब्यात का ठेवायचे, हा प्रश्न त्यानंतर मुलांना पडतोच, आणि उष्णतारोधनाचा धडा तेथून सुरू करता येतो. साय साठवून आठवड्यातून एकदा लोणी काढावे, ताक कढीला वापरावे, तूप कढवावे आणि तळाची बेरी साखर घालून मुलांना द्यावी. त्या दिवशी दुसऱ्या खाऊची गरज पडत नाही.

धान्याच्या साठवणीबाबत मी नव्या घरांना थोडा वेगळा सल्ला देते. वर्षाची बेगमी एकदम करण्याची आपल्याकडे परंपरा आहे, आणि चैत्र-वैशाखात नवा गहू बाजारात येतो तेव्हा भावही बरा असतो. तथापि ज्यांनी पूर्वी धान्य साठवलेले नाही, त्यांनी पहिल्या वर्षी तीन महिन्यांपुरतेच घ्यावे. आम्ही पहिल्याच वर्षी दीड क्विंटल गहू घेतला, एकच ऊन दिले आणि पावसाळ्यात पिंपात हात घातला तेव्हा तो सोंड्यांनी भरला होता; चाळून, पाखडून, पुन्हा वाळवूनही त्यातला बराच गहू टाकावा लागला. गव्हाला कडक उन्हाची किमान दोन-तीन दिवस ऊब लागते, धान्य पूर्ण गार झाल्यावरच पिंपात भरायचे असते, आणि मधे मधे कडुनिंबाचा पूर्ण सुकलेला पाला घालावा लागतो. पाला ओलसर असेल तर त्याचाच दमटपणा धान्याला लागतो. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल तेल हाताने चोळून ठेवल्यास कीड सहसा लागत नाही. वापरताना डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवावी. किती धान्य लागेल याचा अंदाजही मुलांकडून काढून घ्यावा. आमच्याकडे एक किलो कणकेच्या साधारण तीस पोळ्या होतात, आणि रोज सोळा पोळ्या लागतात. एवढ्या माहितीवर तीन महिन्यांचा गहू किती, हे अकरा वर्षांची मुलगी दहा मिनिटांत सांगते.

उन्हाळ्यात वाळवणे घरी करावीत. सगळी करण्याची गरज नाही. पापड बाहेरून आणले तरी चालतील, कारण लाटायला चार-सहा हात लागतात. कुरडया मात्र घरी कराव्यात. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक काढला जातो आणि तो रात्रभर ठेवला की निवळी वर राहून पांढराशुभ्र थर तळाशी बसतो. तो थर म्हणजे पिष्टमय पदार्थ असतो. त्यातले चमचाभर वेगळ्या बशीत काढून त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकला, की रंग गर्द निळा होतो. बशीतले ते मिश्रण लगेच टाकून द्यावे आणि बशी साबणाने धुवावी. तोच प्रयोग बटाट्याच्या कापावर, भातावर आणि काकडीवर करून मुलांनी तक्ता बनवला, आणि आमचा मे महिन्यातील विज्ञानाचा अभ्यास तेवढ्यात पूर्ण झाला.

चौथी पायरी : पुस्तके आणि साहित्य

येथे खर्च करण्याचा मोह सर्वांत जास्त असतो, आणि खरे पाहता गरज सर्वांत कमी असते. बालभारतीची पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. ती घरी छापू नयेत किंवा झेरॉक्स काढून आणू नये, कारण छापील पुस्तक त्यापेक्षा स्वस्त पडते. आणि वरच्या वर्गात गेलेल्या शेजारच्या मुलाचे जुने पुस्तक त्याहूनही स्वस्त पडते. बालभारतीचेच 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचायला मिळतात. वाचनाची गोडी लागण्यासाठी आमच्या घरी सर्वाधिक उपयोग या जुन्या अंकांचा झाला आहे. माहितीसाठी मराठी विश्वकोश विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आमच्याच जिल्ह्यात, वाईला झाले, हे मुलांना सांगितल्यापासून वाईला जाताना त्यांना मेणवलीच्या घाटाइतकेच त्याचेही अप्रूप वाटते.

गावातील सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते, त्यामुळे त्यांची वर्गणी सामान्य घराला परवडेल अशी असते. बालविभाग कोणत्या वेळी उघडा असतो ते विचारून घ्यावे. ग्रंथपालांशी ओळख झाली, की कोणते पुस्तक कोणत्या मुलाला आवडेल हे तेच सांगू लागतात.

शैक्षणिक साधने विकत घेण्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम पालकांनी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया असे आसपास सापडणारे साहित्य वापरले. मोजणी चिंचोक्यांवर होते, वर्गीकरण पानांच्या आकारांवर होते, आणि लहान-मोठे हा क्रम गोट्यांवर लावता येतो. आमच्या माळ्यावरच्या संचातही याहून वेगळे काही नव्हते. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचे काम पाहावे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घन बनवायचा त्यांचा खेळ दहा रुपयांत तयार होतो, आणि त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो, हे मुलाच्या बोटांना पाहता पाहता कळते. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो मराठी पुस्तके विनामूल्य ठेवलेली आहेत.

कागदासाठी झेरॉक्सच्या दुकानात पाठकोरे कागद मागून घ्यावेत. एका बाजूने छापलेले आणि वाया गेलेले असे पुष्कळ कागद तेथे असतात. चाळीस कागद सारखे करून दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवले, की कच्च्या कामाची वही तयार होते. अक्षर गिरवण्यासाठी मात्र चांगली दुरेघी वहीच घ्यावी, तेथे काटकसर करू नये. पेन्सिल, खोडरबर आणि कात्री यांच्याबाबतही माझे हेच म्हणणे आहे, कारण बोथट कात्रीमुळे मुलाचा उत्साह मावळतो.

आकाशाला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेला सावंतवाडीकडे हा दिवस मेच्या सुरुवातीला येतो, आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. आधीच्या आठवड्यापासून गच्चीवर एक काठी उभी करून रोज दुपारची सर्वांत लहान सावली खडूने आखत जावी.

पाचवी पायरी : वीज आणि कपडे

या दोन्हींबाबत थोडक्यात सांगता येईल. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज लागते, एवढे एकच सूत्र मुलांना शिकवावे आणि घरातील प्रत्येक उपकरणावरचा आकडा शोधायला लावावा. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात, ९ वॅटच्या एलईडीला जेमतेम १.३५, दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासातच एक युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० युनिटांचा बराच जास्त असतो, म्हणून दर रविवारी मीटरचे आकडे मुलाने वहीत लिहावेत आणि महिना संपण्याआधीच शंभराची मर्यादा ओलांडली जाते का ते पाहावे. आमच्याकडे हे काम मुलगा करतो, आणि रिकाम्या खोलीतला पंखा चालू दिसला तर तो मोठ्यांनाही सांगतो.

कपडे धाकट्याला मोठ्याचे घालावेत, आणि त्यात कमीपणा वाटू देऊ नये. मऊ सुती साड्या बोहारणीला देऊ नयेत, त्यांच्या गोधड्या शिवाव्यात; सिंथेटिक साड्या आणि जीन्स देऊन भांडी घ्यावीत. गोधडीचे धावदोऱ्याचे टाके घालायला सहा वर्षांचे मूलही शिकते.

सहावी पायरी : दाखले, नोंदी आणि परीक्षा

नव्या पालकांची सर्वांत मोठी काळजी हीच असते, म्हणून येथे सावकाश वाचावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, मात्र पालकांसाठी कोणतीही शिक्षा त्यात नाही. घरशिक्षणासाठी स्वतंत्र कायदा किंवा नोंदणीची वेगळी पद्धत आपल्याकडे नाही, हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा. पुढे मुलाला शाळेत जावेसे वाटले तर कलम ४ नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही. घरातील सर्वांना हे आधी सांगून ठेवावे. आमच्या सासऱ्यांचा विरोध हे कलम वाचून दाखवल्यावर पुष्कळ निवळला.

परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क असे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीसाठी मुलाचे वय किमान १४ वर्षे पूर्ण असावे लागते, साधारणपणे पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, म्हणजे विषय एकेक करूनही सोडवता येतात. दहावीला मराठी माध्यम निवडता येते. महाराष्ट्र शासनाच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा हा दुसरा मार्ग आहे. कोणताही मार्ग घेतला तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी आणि दलालामार्फत अर्ज भरू नये; अर्ज भरून देतो असे सांगून शुल्काच्या तिप्पट पैसे मागणारी माणसे आम्हालाही भेटली आहेत.

प्रत्येक मुलासाठी एक जाड फाईल करावी. तिच्यात जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि रहिवासाचा पुरावा ठेवावा. मूल काही वर्षे शाळेत गेले असेल तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच वेळी काढून घ्यावा, नंतर तो मिळवायला हेलपाटे पडतात. वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखलाही त्यातच असावा, कारण पुढे जातीचा दाखला काढताना तेच कागद मागितले जातात. या कागदांमागे दर महिन्याचे दोन कागद लावत जावे : एकावर मुलाने त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांची यादी त्याच्याच हस्ताक्षरात, आणि दुसऱ्यावर एखादे केलेले काम, मग तो मटकीच्या वजनाचा तक्ता असो वा गच्चीवरच्या सावलीची आकृती. कागदावर तारीख घालायला विसरू नये. पावसाळ्यात ही फाईल खालच्या कप्प्यात ठेवू नये; आमच्याकडे ती धान्याच्या पिंपांवर, फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह ठेवलेली असते.